पाठ आहे, पण पेपरात आठवत नाही

"मॅडम, घरी सगळं येतं, पेपर हातात पडला की डोकं कोरं." ही तक्रार घेऊन बरेच विद्यार्थी येतात, आणि सोबतच्या पालकांची शंकाही ठरलेली: स्मरणशक्ती कमी आहे का? अशाच एका मुलीच्या आईनेही तेच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

झोप, जेवण, भीती यांबद्दल बोलून झालं. फारसं काही हाती लागलं नाही. मग म्हटलं, "ज्या प्रश्नाला अडलीस तो इथेच सोडव." प्रश्न होता एकसमान, म्हणजे सगळीकडे सारख्या, विद्युत क्षेत्रातल्या द्विध्रुवावरच्या (थोड्या अंतरावरच्या समान धन-ऋण प्रभारांच्या जोडीवरच्या) टॉर्कचा, म्हणजे फिरवणाऱ्या परिणामाचा. तिने झरझर शेवटची ओळ लिहिली: टॉर्क बरोबर पी ई साइन थीटा (पी म्हणजे द्विध्रुव आघूर्ण, ई म्हणजे क्षेत्र, थीटा म्हणजे त्या दोघांमधला कोन). वरच्या ओळी मात्र येईनात.

"धन प्रभारावर (क्यू) बल किती?"
"क्यू ई, क्षेत्राच्या दिशेला."
"ऋण प्रभारावर?"
"तेवढंच, उलट दिशेला."
"बेरीज?"
"शून्य." ती थबकली. "बल शून्य, तर तो फिरेलच कसा? हे मला कधी पटलंच नाही. वर्ग पुढे गेला, मग मीही पाठ करून टाकलं."

न पटलेली पायरी ताणाखाली सगळ्यात आधी निसटते, हे मी वारंवार पाहते.

टेबलावर पेन्सिल आडवी ठेवली. तिने एका बोटाने एक टोक पुढे ढकललं, दुसऱ्याने दुसरं टोक तेवढ्याच जोराने मागे. पेन्सिल जागच्या जागी गर्रकन फिरली. बलं समान आणि विरुद्ध, पण एका रेषेत नाहीत, हेच बलयुग्म. त्यांच्यातलं लंब अंतर तिने आकृतीवरून स्वतः काढलं: प्रभारांमधलं अंतर गुणिले साइन थीटा. त्याला क्यू ईने गुणलं. क्यू गुणिले अंतर म्हणजे पी, की सूत्र समोर.

मग तिनेच उकरून काढलं: ० अंशाला टॉर्क शून्य, १८० लाही शून्य, मग फरक काय? "दोन्हीकडे जरासा धक्का देऊन बघ," म्हटलं. ० जवळ टॉर्क त्याला परत आणतो, १८० जवळ आणखी दूर नेतो. एक स्थिर, एक अस्थिर.

छातीत धडधड, हातांना कंप अशी लक्षणं असतील तर आधी भीतीवरच काम करावं लागतं. तिथे पेन्सिल पुरत नाही. हिच्या आईला मात्र मी स्मरणशक्तीच्या गोळ्यांचा नाद सोडायला सांगितलं. मुलीला काम एकच: प्रत्येक डेरिव्हेशनशेजारी (सूत्र काढण्याच्या पायऱ्यांशेजारी) 'इथे काय पटलं नाही' ते लिहायचं.

पुढच्या भेटीत वही भरलेली होती. क्षेत्र एकसमान नसेल तर? दोन्ही बलं सारखी राहत नाहीत, म्हणून द्विध्रुव फिरतो आणि सहसा सरकतोही, हे तिने स्वतःच लिहिलं होतं. उरलेल्या शंका घेऊन तिला तिच्या शिक्षकांकडे धाडलं.