गाडी सुटली तर सुटू द्या: मुंबईत फिरायला येणाऱ्यांच्या शंका

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक वाक्य हमखास असतं: "मुंबईची भीती वाटते." पाहुण्यांना मुंबई दाखवण्यात माझी बरीच वर्षं गेली. या शहरात माणसांपेक्षा घाईने जास्त लोक दुखावलेले मी पाहिले आहेत. खालची उत्तरं त्याच अनुभवातून.

आम्ही सहाजण सांगलीहून येतोय. सोबत आईवडील (वय ६८ आणि ७२) आणि दोन मुलं. डोंबिवलीला मावसभावाकडे उतरणार आहोत. आईवडिलांना लोकलने न्यावं का?

न्या, पण सकाळी साडेअकराच्या आधी डोंबिवलीहून निघू नका. सकाळी आठ ते अकरा मुंबईकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ मुंबईहून बाहेर, असा गर्दीचा ओघ असतो. तुम्ही नेमके त्या ओघात राहणार आहात, म्हणून वेळ पाळणं एवढाच इलाज. यजमान म्हणतील, "सकाळी लवकर निघा, म्हणजे दिवस हाती लागतो." त्यांचं ऐकू नका. त्यांना रोजची सवय आहे.

येताना डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर स्लो, म्हणजे प्रत्येक स्टेशनला थांबणारी गाडी पकडा. वीसेक मिनिटं जास्त लागतील, पण चढता-उतरता येईल. परतताना सीएसएमटीलाच (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलाच) बसा. तिथूनच गाडी सुटत असल्याने जागा मिळते. "दादरला चढू, तेवढंच अंतर वाचेल" हा विचार संध्याकाळी अजिबात करू नका. शक्य असेल तर रविवारी मध्य रेल्वेने जाणं टाळा. रुळांच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, गाड्या कमी आणि उशिराने धावतात.

तिकिटाची एक मेख. साध्या सेकंड क्लासच्या तिकिटावर फर्स्ट क्लासमध्ये किंवा एसी लोकलमध्ये चढलात, तर भाड्यावर किमान २५० रुपये दंड, तोही प्रत्येकाला. फर्स्ट क्लासचा डबा बाहेरून फारसा वेगळा दिसत नाही, त्यामुळे दारावरचं वाचूनच पाय ठेवा. दिव्यांगांच्या डब्यात 'आम्ही ज्येष्ठ आहोत' म्हणून चढता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सहाजणांत कुणीतरी एक कधीतरी फलाटावर राहणारच. तेव्हा काय करायचं ते घरातून निघतानाच ठरवा: गाडीत असलेल्यांनी गाडी थांबेल त्या पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच थांबायचं, मागे राहिलेल्याने तशीच पुढची गाडी पकडून तिथे यायचं. धावत्या गाडीतून कुणी उडी मारायची नाही, कुणी धावत चढायचं नाही. मुलांच्या खिशात मोठ्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. माझ्याबरोबरच्या एका कुटुंबातले आजोबा असेच घाटकोपरला राहिले. आम्ही पुढे कुर्ल्याला उतरून हवालदिल. पंधरा मिनिटांनी आजोबा डुलत उतरले, हातात वडापाव. नियम त्यांनी पाळला होता, फक्त मधे खाऊन घेतलं.

डब्यात शिरल्यावर दारात उभे राहू नका आणि आपलं स्टेशन यायच्या एक स्टेशन आधी दाराकडे सरका. पुढच्याला "दादर उतरणार का?" असं विचारा. तो उतरणार नसेल तर वाट देईल. फलाट कुठल्या बाजूला येणार तेही विचारून घ्या; सांगायला दहाजण तयार असतात.

सीएसएमटीला पोहोचल्यावर मात्र आईवडिलांना पुन्हा लोकलमध्ये चढवू नका. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरे ते कफ परेड पूर्ण धावते. सीएसएमटीहून थेट सिद्धिविनायकाला नेते, लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. खाली मोबाइलला नेटवर्क मिळेलच असं नाही, म्हणून कुठे भेटायचं ते वरच ठरवा.

मी २३ वर्षांची, अकोल्याची. एकटी येतेय. रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहणं ठीक?

ताई, रात्री साडेदहाला लोकलमध्ये कामावरून परतणाऱ्या बायका भरपूर दिसतील तुम्हाला. मरीन ड्राइव्हवर तर तेव्हा कुठे गप्पा रंगात येतात. मी घड्याळाकडे कमी आणि गर्दीकडे जास्त बघायला सांगेन. जिथे माणसं आहेत तिथे थांबा, रिकामा डबा दिसला की डबा बदला. ओसाड महिला डब्यापेक्षा पाच-दहा बायका असलेला डबा बरा. काही महिला डबे ठरावीक वेळेपुरतेच राखीव असतात आणि ती वेळ दारावर लिहिलेली असते. रात्री महिला डब्यात पोलीस दिसला तर तोच डबा धरा.

शेवटची लोकल मार्गाप्रमाणे रात्री बारा ते एकच्या दरम्यान जाते आणि पहाटे चारपर्यंत काही नसतं. शेवटच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीची पकडा. राहण्याची जागा स्टेशनपासून पायी पाच-सात मिनिटांवर घ्या; त्यासाठी खोली थोडी महाग पडली तरी चालेल. रेल्वेत अडचण आली तर १३९, मुंबई पोलिसांची महिलांसाठीची हेल्पलाइन १०३, आणि काहीच आठवलं नाही तर ११२.

नांदेडहून पहाटे सीएसएमटीला उतरलो. टॅक्सीवाल्याने जवळच्या हॉटेलसाठी पाचशे रुपये घेतले. रिक्षा शोधली, एकही दिसली नाही. हे बरोबर आहे का?

पाचशे चूक, रिक्षा नसणं बरोबर. दक्षिण मुंबईत रिक्षाला बंदी आहे. उपनगरांकडून येताना रिक्षा इकडे वांद्र्यापर्यंत आणि तिकडे सायनपर्यंतच. त्यापुढे काळी-पिवळी टॅक्सी. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ आणि टॅक्सीचे ३१ रुपये आहेत. त्यापुढे टॅक्सीला किलोमीटरमागे साधारण २१ धरा. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच पंचवीस टक्के जास्त, तेवढं मात्र कायदेशीर आहे. सीएसएमटी ते गेटवे दिवसा पन्नास-साठ रुपयांत व्हायला हवं.

बॅग उचलून "चला साहेब" म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका, तो बहुधा चालक नसून दलाल असतो. प्रीपेड काउंटर किंवा रांगेतली टॅक्सी घ्या. बसण्याआधी "मीटरने ना?" एवढंच विचारा. "मीटर बंद आहे" असं उत्तर आलं तर खाली उतरा. भांडत बसू नका, पण गाडीच्या नंबरचा फोटो काढा. बऱ्याचदा तेवढ्यानेच मीटर चालू होतो. भाडं नाकारणं हा गुन्हा आहे. तरी पहाटे साडेपाचला तुम्ही तक्रार करत बसावं असं मी म्हणणार नाही. स्टेशनात चहा घ्या, उजाडल्यावर बेस्टची बस मिळते, दहा रुपयांपासून.

जुलैत चंद्रपूरहून येणं होतंय. पावसात मुंबई बघावी का?

बघावी, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण समुद्राशी सलगी नको. भरतीच्या वेळा आधी बघून ठेवा. भरती साडेचार मीटरच्या वर जाणार असेल, तर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसू नका आणि पलीकडच्या त्या तिकोनी दगडांवर तर कधीच उतरू नका. भरतीला हाजी अलीची वाट पाण्याखाली जाते, अडकलात तर ओहोटीपर्यंत आतच थांबावं लागतं. जुहू आणि मालाडच्या अक्साला पाण्यात शिरू नका. अक्साला पायाखालची वाळू सरकते, पोहता येणारेही बुडाले आहेत.

जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आले की हिंदमाता, कुर्ला, सायन इथे पाणी तुंबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवशी चालत घरी निघालेल्यांच्या आठवणी इथे अजून ऐकायला मिळतात. त्यातून मी एकच गोष्ट घेतली: पाणी साचलं की आहात तिथेच थांबा, ऑफिसात, देवळात, हॉटेलात. गढूळ पाण्याखाली उघडं मॅनहोल दिसत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये शहरातले एक नामवंत डॉक्टर असेच गेले. पाण्यातून चालावंच लागलं आणि पायाला जखम असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) गोळी विचारा.

फोन कुठे ठेवावा?

पुढच्या खिशात. दारात उभं राहून फोन बघणाऱ्यांच्या हातावर रुळांजवळून काठीचा फटका मारून तो पाडणारे लोक आहेत. पोलीस त्यांना 'फटका गँग' म्हणतात. जीव वाचला तर नशीब, कारण फोन सावरताना माणूस पडतो. खिडकीशी बसलात तरी गाडी सुटताना फोन आत घ्या. चोरी झालीच तर आधी सिम आणि बँकेची अ‍ॅप बंद करा, मग लोहमार्ग पोलिसांकडे जा. "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार) मागा.

एलिफंटाच्या बोटी सुरक्षित आहेत का? आम्ही सोमवारी जाणार आहोत.

१८ डिसेंबर २०२४ ला नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली, तेव्हापासून लाइफ जॅकेटची सक्ती आहे. उकडलं तरी काढू नका आणि मुलांना त्यांच्या मापाचंच मागा. माणसं जास्त वाटली तर पुढची बोट घ्या. पण सोमवारी लेणी बंद असतात, मंगळवारी या.