साताऱ्यातल्या जुन्या वाड्यात भाड्याने राहतो. छप्पर गळतंय, मालक तीन पावसाळे दाद देत नाही. भाडं थांबवावं का?

नका थांबवू. तक्रार छपराची असते आणि मालकाच्या हाती थकबाकीचा दावा लागतो. भाडं दरमहा बँकेतूनच पाठवा, कोणत्या महिन्याचं तेही लिहा.

आता तुमचा कागद काढा. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे फक्त राहायची परवानगी देणारा करार असेल, तर कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरूच नाही. दुरुस्ती करारात लिहिली असेल तेवढीच. घर नगरपालिकेचं किंवा सरकारी असेल तरी पुढचं लागू नाही. जुनी भाडेपावती असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 14 तुमच्या कामाचं. करारात याविरुद्ध काही ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे.

त्याला किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्या. 'घर गळतंय' एवढ्याने भागत नाही. 'स्वयंपाकघरावरची 40 कौलं फुटली, दोन वासे कुजले, मागची भिंत चार फुटांपर्यंत ओली' असं लिहा. फोटो आणि सुताराचा अंदाजखर्च जोडा. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. 'घेण्यास नकार' शेऱ्याने पाकीट परत आलं तर फोडू नका, सीलबंदच ठेवा. कोर्टात तेच कामाला येतं.

त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झालं नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. मेख पुढे आहे: वळती किंवा वसूल करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. भाडं 400 रुपये असेल तर वर्षाचे 4,800, म्हणजे हाती 1,200. त्यात धड शाकारणीही होत नाही. म्हणून वाड्यातल्या सगळ्या भाडेकरूंनी मिळून नोटीस द्यावी. खर्च भाड्याच्या प्रमाणात वाटला जातो. बिलं आणि हिशेबाची वही नीट ठेवा. कलम 14 नुसार पावत्यांसह ठेवलेला हिशेब हा खर्चाचा निर्णायक पुरावा असतो, मालकाला तो मानावाच लागतो.

कौलं काढून स्लॅब टाकायचा मोह मात्र आवरा. लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर कलम 16 खाली घर खाली करायचा दावा येतो. नगरपालिकेत 'धोकादायक इमारत' म्हणून अर्ज करायलाही लोक धावतात. भिंत खरंच कोसळायला आली असेल तर जरूर करा, जीव आधी. पण पाडायचा आदेश निघाला की त्याच कलमाने मालकाला जागा मागता येते. नुसत्या गळतीसाठी ही वाट चुकीची. वाद चिघळलाच तर दावा साताऱ्यातच, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे.

नोटीस होळीच्या आसपास टाका. मे उजाडला की शाकारणीला माणूस मिळत नाही.