वादळाचा माग काढताना

बाळा, मोबाइलवरचे रंगीत नकाशे नंतर बघ, आधी हवामान खात्याचं बुलेटिन वाच. वारा ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेला की चक्रीवादळ. नाव मिळतं ते तेव्हाच. मग दर ३ तासांनी बुलेटिन येतं. त्यातले अक्षांश-रेखांश वहीत टिप, पेन्सिलीने नकाशावर ठिपके जोड. वादळ कुठे रेंगाळलं, कुठे वळलं, ते आपल्या हातालाच कळतं.

आणि केंद्र लांबून जातंय म्हणून निर्धास्त राहू नकोस! मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्यावर चढलं ते गुजरातेत, पण इथे गोव्यात आमच्या अंगणातला आंबा मुळासकट आडवा झाला. ती ओली, माती लागलेली मुळं अजून डोळ्यांसमोर आहेत. इशारा असला की होडी जेटीलाच बांधून ठेव, बाकीचे गेले तरी.