आजारपणात रडलो तर साक्ष बिघडते का?

"मी असा रडत बसलो तर लोक माझ्या देवाबद्दल काय म्हणतील?" ख्रिस्ती घरातून माझ्याकडं समुपदेशनाला येणारी माणसं हे मला वेगवेगळ्या शब्दांत सारखं विचारतात. त्यातलीच एक केस सांगते, परवानगी घेतलीये आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पन्नाशीतले गृहस्थ, दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवायचे, गायन त्यांच्याकडंच असायचं. आजार कळल्यावर लोक घरी यायचे, प्रार्थना करायचे आणि जाताना म्हणायचे की भाऊ, चेहरा हसरा ठेवा, तुमच्यातून प्रभूचं गौरव झालं पाहिजे. उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभं करायचे, एक-दोनदा दिली आणि मग रविवारी जाणंच बंद केलं. घरी बायकोवर चिडायचे ते पाण्यावरून, डायलिसिसवर पाणी मोजूनच प्यावं लागतं, दिवसभराचं बाटलीत मोजून ठेवलेलं, चहासुद्धा त्यातच धरायचा, आणि उन्हाळ्यात दुपारीच बाटली संपली की मग विचारूच नका.

पहिल्या भेटीत मी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं नाही. झोप लागते का, जेवण जातं का, जीव नकोसा होतो का हे विचारलं. म्हणाले, कधीकधी वाटतं डायलिसिसला जाऊच नये. हे वाक्य हलक्यात घ्यायचं नसतं. त्यांच्याशी बोलूनच बायकोला आणि किडनीच्या डॉक्टरांना सांगितलं, मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवलं, रात्री-अपरात्रीसाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला. प्रार्थना चालू आहे म्हणून औषध नको म्हणणारे लोक भेटतात ना, त्यांचा मला खरंच राग येतो.

गोळ्यांनी झोप लागायला लागली तेव्हा पुढं बोलता आलं. ते म्हणाले, "मॅडम, पंडिता रमाबाईंसारखा विश्वास माझ्यात नाही." मी म्हटलं, भाऊ, रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत १८८२ ला नवरा गेला, १९२१ ला एकुलती एक मनोरमा गेली, या बाईंनी काय हसत काढलं असेल का सगळं? मग बायबलमधलं तेरावं स्तोत्र वाचलं, त्यात सुरुवातीलाच दावीद चार वेळा देवाला विचारतो, कुठवर? आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा वगैरे काही नाही, तरी ते शास्त्रात आहे आणि ते देवाशीच बोललेलं आहे. माझ्या मते आशा इथंच असते. ज्याची आशा संपली तो देवाकडं तक्रार घेऊन कशाला जाईल?

गौरवाचं म्हणाल तर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय बघा. येशू म्हणतो माझं गौरव होण्याची वेळ आली, आणि चारच ओवींनंतर म्हणतो माझा जीव व्याकूळ झालाय. दोन्ही एकाच तोंडून, आणि समोर क्रूस. गौरवासाठी व्याकूळ होणं लपवावं लागतं हे आपल्याला कुणी शिकवलं काय माहीत.

त्यांचा फिस्तुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शीर आणि धमनी जोडलेली जागा, डाव्या हातावर, शीर दोरखंडासारखी फुगलेली, वर बोट ठेवलं की आत थरथर लागते. भर मे महिन्यात सुद्धा फुल बाह्यांचा शर्ट घालायचे. मी त्यांना योहानाचा विसावा अध्याय वाचायला दिला, मरणातून उठलेला प्रभू शंका घेणाऱ्या शिष्याला, थोमाला, हातावरच्या खिळ्यांच्या खुणा दाखवतो तो. गौरवी शरीरावरसुद्धा त्या खुणा होत्या, म्हटलं, यावर विचार करा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, हे मी शंभरदा वाचलंय पण असं कधी बघितलं नव्हतं.

नंतर एकदा सांगत आले की शेजारच्या बेडवर नवीन पोरगा आलाय, सुईला घाबरून रडत होता, तर मी त्याला बाही वर करून हात दाखवला आणि म्हटलं, दुखतं बाबा, मला पण भीती वाटते, मी प्रार्थना करतो आणि तरी वाटते. त्या पोराने विचारलं, मग प्रार्थना कशाला करता? यांनी सांगितलं, कुणीतरी ऐकतंय म्हणून. मला तर ही पुलपिटवरच्या कुठल्याही साक्षीएवढीच मोठी साक्ष वाटते.

किडन्या बऱ्या झालेल्या नाहीत, डायलिसिस चालूच आहे. रविवारी जातात, मागच्या बाकावर बसतात, साक्ष देत नाहीत आणि पाळकसाहेबही आता आग्रह करत नाहीत. मंडळीतली दोन मुलं आळीपाळीनं त्यांना गाडीवरून सेंटरला सोडतात. बायको मात्र फार थकलीये, कुणी विचारलंच नव्हतं तिला, म्हणून आता ती माझ्याकडं येते.