आमदारांकडे पहिल्यांदा जाताना

ताई, ग्रंथालयाच्या अनुदानासाठी आमदारसाहेबांना भेटायचंय, पण आजवर त्यांना फक्त स्टेजवर पाहिलंय आणि नुसत्या विचारानेच हात थरथरतात, असं तुम्ही लिहिलंय. मी तालुक्याच्या गावी वीसेक वर्षं ग्रंथपाल होते. या काळात तीन आमदार झाले, तिघांकडेही गेले. त्यातल्या दोघांना मी मत दिलं नव्हतं. माझं सांगणं असं की निवेदन घेऊन जायच्या आधी एकदा निवेदनाशिवाय जा.

अधिवेशन नसताना, सकाळी सातला, त्यांच्या गावच्या घरी जा. मंगळवार-बुधवार टाळा, तेव्हा बरेचदा ते मंत्रालयात असतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पडवीत पंचवीसेक माणसं होती. एका म्हाताऱ्याला सुनेच्या ऑपरेशनसाठी मुंबईच्या दवाखान्याला चिठ्ठी हवी होती. एका वस्तीची विजेची डीपी जळाली होती. दोन भाऊ बांधावरून भांडत आले होते. साहेबांच्या हातातला चहा गार झालेला. आदल्या दिवशी पाच लग्नं आणि एक दशक्रिया करून ते रात्री एकला घरी पोचले होते. दोन तास मी बसले होते. तेवढ्यात विधानसभेबद्दल एकानेही अवाक्षर काढलं नाही. कायदे करणं, अर्थसंकल्पावर बोलणं, सरकारला प्रश्न विचारणं यासाठी आपण 288 जण निवडून देतो, आणि नेमकं तेच त्यांना कोणी विचारत नाही. मला फार वाईट वाटलं.

माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, "साहेब, काम काही नाही. शाळांच्या पडक्या खोल्यांवर तुम्ही तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारला होता, त्याचं उत्तर वाचलं. पुढे काय झालं?" त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मग दहा मिनिटं बोलत राहिले. पहिल्या अधिवेशनात बोलायला उभे राहिले तेव्हा हातातला कागद हलत होता, घसा कोरडा पडला होता, हेही त्यांनीच सांगितलं. त्या दिवसापासून माझी भीती गेली.

सभागृहाचं कामकाज विधिमंडळाच्या वेबसाइटवर मिळतं. तुमच्या आमदारांनी काय विचारलंय ते वाचून जा.

सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख, म्हणजे आबा, 11 वेळा निवडून आले आणि एसटीने प्रवास करत राहिले. शेजारच्या सीटवर आबा बसलेले असले की वेगळी ओळख कशाला लागते? आता मधे गाड्यांचा ताफा असतो, म्हणून ओळख आपणच जाऊन करून घ्यावी लागते. आमदारांच्या पीएंशीही नीट बोला. दिवसभर लोकांचा राग तेच झेलतात, आणि तुमचा कागद वर राहणार की तळाला जाणार हेही बरंचसं त्यांच्याच हातात असतं.

निवेदन दुसऱ्या भेटीत द्या. एकच पान, एकच मागणी. 1967 च्या ग्रंथालय कायद्याचा इतिहास त्यात लिहू नका. तुमच्या ग्रंथालयाचा वर्ग (अ, ब, क की ड) कोणता, अनुदान किती मिळतं, पगार आणि पुस्तकं यांवर किती जातं, एवढंच. पोच घ्या. विषय सभागृहात यावा असं वाटत असेल तर अधिवेशनाच्या बरंच आधी जा, कारण प्रश्न काही आठवडे अगोदर द्यावे लागतात. डिसेंबरात नागपूरच्या आमदार निवासात गाठून कोणी नवा प्रश्न हातात दिला, तर तोवर मुदत टळलेली असते.

आणि ओळख झाली म्हणून मिंधं व्हायचं नाही. वाचनालयाच्या जागेवर दुकानगाळे काढायचं ठरलं तेव्हा मी याच साहेबांच्या विरोधात सह्या गोळा केल्या. आधी त्यांना घरी जाऊन सांगितलं, मग सुरुवात केली. ते चिडले. पण पुढे त्यांच्या आई गेल्या तेव्हा मी भेटायला गेले, तर त्याच पडवीत त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. त्या दिवशी वाचनालयाचा विषय दोघांनीही काढला नाही.

तुमच्या आमदारांचे गेल्या अधिवेशनातले प्रश्न शोधून इथे टाका. निवेदनाचा मसुदा मी बघून देते.