मेहुण्याला बारा हजार, आमाला सहाच का? आणि बोअर मारू की नको?

आपल्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या, महाराष्ट्रातल्या चंदगडला लागून असलेल्या एका गावच्या मामांनी विचारलंय. मेहुणा पलीकडं चंदगडला, त्याला वर्षाला १२,००० येतात, आमाला ६,०००च, पाऊस एक माती एक मग असं का? आणि लाईट फुकट आहे तर बोअर मारून दोन एकर भाताच्या जागी ऊस लावू का? येळ्ळूर, उचगाव भागातूनपण असंच विचारतात म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहितो.

पैशाचं आधी सांगतो. पीएम किसानचे ६,००० केंद्राचे, ते दोन्हीकडं सारखेच. वरचे ६,००० महाराष्ट्र सरकार नमो शेतकरीतून स्वतःच्या तिजोरीतून देतं. आपल्याकडंपण २०१९ पासून राज्याचे ४,००० वर मिळायचे, विसरला असाल, २०२३ ला सरकार बदललं आणि ते बंद झाले, पैसा नव्या सरकारच्या गॅरंटी योजनांकडं (गृहलक्ष्मी, फुकट वीज, बस वगैरे) गेला. २०२५-२६ चं कर्नाटकाचं बजेट साधारण ४ लाख ९ हजार कोटीचं, त्यातले ५१ हजार कोटीच्या आसपास गॅरंटीला, म्हणजे शंभरातले बारा-तेरा रुपये तिथंच जातात, मग दुसरीकडं हात आखडतो हे उघड आहे.

पण मामा, घरची बेरीज करा. तुमच्या घरात मामींना गृहलक्ष्मीचे महिन्याला २,००० म्हणजे वर्षाला २४,०००, त्यात किसानचे ६,०००, झाले ३०,०००. मेहुण्याकडं शेत त्याच्या नावावर, बायकोला लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० म्हणजे १८,०००, आणि त्याचे १२,०००. तेपण ३०,०००च! आपल्याकडं हप्ते मधेमधे लांबतात, मला कबूल आहे, लोक रोज येऊन विचारतात. फरक एवढाच की आपल्याकडं बाईच्या खात्यात येणारा वाटा जास्त आहे, आणि त्याला जमीन लागत नाही, दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जाणाऱ्या बाईलापण तो मिळतो. मला हे बरं वाटतं. आणि ते मामींचे पैसे आहेत, बोअरच्या हिशोबात धरू नका.

आता बोअर. इथं लोक फसतात म्हणून सावकाश वाचा. १० एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट आहे हे खरं, महाराष्ट्रात ती साडेसातपर्यंत आहे. पण फुकट आहे ते युनिट. खांब, वायर, टीसी (ट्रान्सफॉर्मर) हे पूर्वी सरकार करून द्यायचं, सप्टेंबर २०२३ नंतरच्या नव्या कनेक्शनला तो खर्च शेतकऱ्यावर आलाय. लाईनपासून ५०० मीटरच्या पुढं असाल तर सोलर घ्या असंच सरकारचं धोरण आहे, त्यात केंद्राचे ३० टक्के, राज्याचे ५० (आधी ३० होते, वाढवले) आणि तुमचे २०. पलीकडं सोलरला शेतकऱ्याचा वाटा १० टक्केच आहे, तिथं मेहुणा खरंच फायद्यात आहे. म्हणून मशीनवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी हेस्कॉमच्या (आपली वीज कंपनी) सेक्शन ऑफिसात जाऊन आपला सर्व्हे नंबर दाखवा आणि लाईनपासूनचं अंतर मोजून घ्या, फुटांचा रेट विचारणं नंतर.

आणि पाणी. शेजाऱ्याच्या बोअरवर एप्रिलमध्ये २०० लिटरचा बॅरल घेऊन जा, मोटर अर्धा तास चालू दे मग पाईप बॅरलात सोडा आणि मोबाईलवर टाईम लावा. मी असं एका शेतात केलं, सुरवातीला धार जोरात होती, सगळे खुश, अर्ध्या तासानं पाईप गुळण्या टाकायला लागला आणि बॅरल भरायला चार मिनिटं लागली. चार मिनिटं म्हणजे तासाला ३,००० लिटर, थ्री फेज ७ तास मिळाली तर दिवसाला २१,०००. एक एकरात एक इंच पाणी उभं करायला लाखभर लिटर लागतं. उसाला पाटानं एका पाळीला अडीच इंच धरा, दोन एकराला पाच लाख लिटर, म्हणजे एक पाळी संपायला चोवीस दिवस, आणि उन्हाळ्यात उसाला आठ-दहा दिवसांनी पाणी पाहिजे. पहिली सरी भिजवून शेवटच्या सरीला जाईपर्यंत पहिली वाळलेली असेल.

दराच्या भरवशावरपण जाऊ नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊसदरासाठी शेतकरी किती दिवस आंदोलनाला बसले तेव्हा ११.२५ रिकव्हरीला (शंभर किलो उसातून निघणारी साखर) टनाला ३,३०० ठरले, त्यात सरकारचे ५०. एकरी ४० टन धरले तर सरकारचे ते ५० एकराला २,००० होतात, एवढ्यासाठी भाताचं शेत मोडायचं का?

मामा, माझं मत सांगू? भात ठेवा, कापणीनंतर ओलीवर मसूर नाहीतर वाटाणा टाका, खर्च कमी आणि पाणी मागत नाही. बांधाच्या खालच्या अंगाला शेततळ्याची जागा आहे का बघा, शेततळ्याच्या कृषी भाग्य योजनेत आपल्या तालुक्याला यंदा मंजुरी आहे का ते रयत संपर्क केंद्रात (कृषी खात्याचं ऑफिस) विचारा. तिथं जाताना आधार, पासबुक आणि सगळ्या तुकड्यांचे आरटीसी (पलीकडचा सातबारा) न्या, एकच नको, एफआयडीला (शेतकऱ्याचा ओळख नंबर) एखादा सर्व्हे नंबर जोडायचा राहिला की त्या जमिनीवर बी-बियाण्याची सबसिडी नाही, नुकसानभरपाईपण नाही, आणि हे आपल्याला कळतं ते पाऊस पडून पीक गेल्यावर. तरी बोअर मारायचाच असेल तर बॅरलचे आकडे कागदावर लिहून आणा, एचपी आपण मिळून ठरवू.