टर्बोआयडी केलं की जिवंत पेशीतलं सगळं नेटवर्क मिळतं का? जरा सविस्तर सांगतो

प्रश्न मला कळला तसा असा: तू एम.एस्सी.ला आहेस, इथंच कोल्हापुरात, ईआरच्या (पेशीतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या) मेम्ब्रेनमधल्या एका प्रोटीनवर प्रोजेक्ट आहे, को-आयपी (पेशी फोडून अँटीबॉडीनं एक प्रोटीन ओढायचं आणि त्याच्यासोबत काय येतं ते बघायचं) तीनदा केलं आणि तिन्ही वेळा बेट सोडून काहीच हाताला लागलं नाही (बेट म्हणजे आमिष, ज्याच्या शेजाऱ्यांना शोधायचं ते तुझं प्रोटीन, पंचगंगेतलं बेट नव्हे), आणि आता कुणीतरी सांगितलंय की टर्बोआयडी (प्रोटीनला एक एन्झाइम जोडून त्याच्या शेजाऱ्यांना बायोटिनची खूण लावायची पद्धत) कर, जिवंत पेशीतच सगळं इंटरॅक्शन नेटवर्क मिळतं. तर खरंच मिळतं का, आणि कोल्हापुरात बसून होतं का.

होतं. पण जे मिळतं ते नेटवर्क नव्हे, तुझ्या प्रोटीनच्या शेजाऱ्यांची यादी मिळते. हा फरक आत्ताच डोक्यात पक्का बसव, नाहीतर थिसिसच्या व्हायव्हाला एक्स्टर्नल बरोबर तिथंच पकडणार.

आधी तुझं को-आयपी का फसलं ते बघ. लायसिस बफर (पेशी फोडायचं द्रावण) ओतला की पेशीचं घरच मोडतं, डिटर्जंटनं मेम्ब्रेन विरघळते, आणि ज्यांनी एकमेकाला घट्ट धरलंय तेवढेच बीड्सवर (प्रोटीन ओढून धरणाऱ्या बारीक मण्यांवर) टिकतात, जे येताजाता दोन सेकंद भेटून जाणारे ते पहिल्याच वॉशमध्ये गेले. उलट पेशीत जे कधीच भेटले नसते ते ट्यूबमध्ये भेटतात आणि खोटे चिकटतात ते वेगळंच. मेम्ब्रेन प्रोटीनला हा त्रास जास्तच. यीस्ट टू-हायब्रिड (फील्ड्स आणि साँग, १९८९) म्हणशील तर त्यात दोन्ही प्रोटीनं त्यांच्या घरातून उचलून यीस्टच्या न्यूक्लियसमध्ये नेऊन भेट घालायची असते, मेम्ब्रेनवाल्याला तिथं नेणार कसा. या दोन्ही पद्धती वाईट आहेत असं नाही हं, मोठमोठे नकाशे त्यांच्यावरच उभे आहेत, २०२० चा माणसाच्या प्रोटीनांचा टू-हायब्रिड नकाशा सुमारे ५३ हजार इंटरॅक्शनचा, आणि पुलडाउनवरचा (को-आयपीसारखंच बेट ओढून काढलेला) बायोप्लेक्स नकाशा २०२१ मध्ये एकट्या २९३टी या माणसाच्या पेशींत १ लाख १८ हजारांवर. फक्त तुझ्या प्रोटीनला त्या सोयीच्या नाहीत.

आता बायोटिनवाली युक्ती. ई. कोलायमध्ये बिरए नावाचं एन्झाइम असतं, ते बायोटिन (एक जीवनसत्त्व) आणि एटीपी घेऊन बायोटिनिल-एएमपी नावाचा तापलेला माल बनवतं, आणि आपलं ठरलेलं गिऱ्हाईक येईपर्यंत तो हातात घट्ट धरून बसतं. ११८ नंबरच्या आर्जिनिनच्या जागी ग्लायसिन घातलं की ही पकड सुटते, माल बाहेर सांडतो आणि आसपास ज्या प्रोटीनची लायसिन (एक अमिनो आम्ल) उघडी दिसेल त्याला चिकटतो. काइल रू आणि ब्रायन बर्क वगैरेंनी २०१२ मध्ये हे लॅमिन-ए ला (न्यूक्लियसच्या अस्तरातल्या प्रोटीनला) जोडून दाखवलं, नाव बायोआयडी, आणि नंतर न्यूक्लियर पोअरवर मोजून बघितलं तर पोहोच साधारण १० नॅनोमीटर निघाली. अडचण एकच की बायोटिन घालून १८ ते २४ तास थांबायला लागायचं. मग अ‍ॅलिस टिंग यांच्या लॅबनं यीस्टच्या पृष्ठभागावर एन्झाइमची उत्क्रांती घडवून २०१८ मध्ये टर्बोआयडी काढलं, तेच काम १० मिनिटांत. त्यांचंच आधीचं एपेक्स आणखी झटपट, एका मिनिटाचं, पण त्यात पेशीवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतावं लागतं आणि ते टायरोसिनला चिकटतं. एपेक्सनं २०१३ मध्ये जिवंत पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या मॅट्रिक्समधली ४९५ प्रोटीनं काढली, त्यातली ३१ तर मायटोकाँड्रियाशी कधी जोडलीच गेली नव्हती. मला विचारशील तर या पद्धतीचं खरं बळ असल्या कामात आहे, एखाद्या खोलीत कोण कोण बसलंय हे सांगण्यात.

आपल्याकडं हे समजावणं लई सोपं आहे. चैत्रात जोतिबाला सासनकाठीजवळ मूठभर गुलाल घेऊन उभं राहा आणि उधळ. संध्याकाळी स्टँडवर उतरणाऱ्यांत ज्याच्या डोक्यावर गुलाल तो तुझ्या आसपास होता, एवढंच कळतं. तो तुझा पाहुणा होता का, तुझ्याशी बोलला का, का नुसता धक्का देऊन पुढं गेला, गुलाल सांगत नाही. कुणी टोपी-उपरणं गुंडाळून आला असेल (म्हणजे पृष्ठभागावर लायसिनच नाहीत) तर अगदी शेजारी असूनही कोरा दिसेल. आणि दिवसभर उधळलास तर सगळा डोंगरच गुलाबी, मग कोण कुणाजवळ होतं ते सांग बघू! टर्बोआयडीचं अगदी हेच होतं, ते इतकं हावरट आहे की सीरममधल्या बायोटिनवरच काम सुरू करतं, तू अजून बायोटिन घातलेलंही नसतं. म्हणून पेशी वाढवायचं मीडियम बघून घे, डीएमईएममध्ये बायोटिन नसतं पण आरपीएमआयमध्ये लिटरला ०.२ मिलिग्रॅम असतं, आणि सीरमचं वेगळं. पेशी आरपीएमआयवर वाढणाऱ्या असतील तर आधी ते सोडव, डायलाइज्ड (छोटे रेणू काढून टाकलेलं) सीरम वापर आणि बायोटिन न घातलेल्या नमुन्याची एक लेन ब्लॉटवर प्रत्येक वेळी चालव.

तुझ्या बाबतीत टॅग (म्हणजे जोडायचं टर्बोआयडी) प्रोटीनच्या कुठल्या टोकाला लावायचा हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. ईआरच्या मेम्ब्रेनमधलं प्रोटीन म्हणजे एक टोक सायटोसॉलमध्ये (ईआरच्या बाहेर), दुसरं ल्युमेनमध्ये (ईआरच्या आत) असू शकतं, आणि गुलाल काही भिंतीपलीकडं उडत नाही, ज्या बाजूला टॅग त्याच बाजूचे शेजारी मिळणार. टोपोलॉजी, म्हणजे कुठलं टोक कुठल्या बाजूला, पक्की माहीत नसेल तर आधी ती काढ. टर्बोआयडी स्वतः ३५ किलोडाल्टनचं धूड आहे, जीएफपीपेक्षाही मोठं, त्यामुळं टॅग लावल्यावर प्रोटीन ईआरमध्येच जातंय ना हे मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय पुढं जाऊच नको. त्याचं छोटं रूप मिनीटर्बो २८ चं आहे, जरा कमी हावरट, तेही डोक्यात ठेव.

आता कंट्रोल. खरं तर सगळं उत्तर याच्यावरच लिहायला पाहिजे होतं. बरेच जण कंट्रोल म्हणून टॅग नसलेल्या पेशी घेतात, आणि मग यादीत दीड हजार प्रोटीनं येतात आणि माणूस खूश. त्या कंट्रोलनं एवढंच कळतं की गुलाल उधळला की माणसं रंगतात! तुला पाहिजे तसाच गुलाल, त्याच चौकात, तेवढाच, पण दुसऱ्या कुणाच्या तरी हातातला. म्हणजे टर्बोआयडी नुसत्या ईआर मेम्ब्रेनच्या अँकरवर, सायटोसॉलकडं तोंड करून (तुझाही टॅग त्याच बाजूला असेल तर), आणि एक्स्प्रेशन तुझ्या बेटच्या जवळपास. या कंट्रोलपेक्षा तुझ्या बेटकडं जे जास्त रंगलेत तेच तुझे. यानं यादी एकदम लहान होते आणि वाईट वाटतं, वाटू दे. एक्स्प्रेशनसाठी डॉक्सिसायक्लिन घातल्यावरच प्रोटीन बनवणारी स्टेबल लाइन (जीन कायमचा बसवलेल्या पेशी) कर, ट्रान्झियंटमध्ये (जीन तात्पुरता घातला तर) प्रोटीन एवढं ओतलं जातं की ते नको तिथंही जाऊन बसतं.

माझी एक फजिती सांगतो. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला पहिला स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी ब्लॉट (बायोटिन लागलेली प्रोटीनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारा) केला, तर साध्या, काहीच न घातलेल्या पेशींच्या लेनमध्येही ठसठशीत पट्टे, एक १३० किलोडाल्टनच्या आसपास आणि एक ७५ च्या आसपास. मी दोन दिवस कंटॅमिनेशन शोधत बसलो, नवीन बफर केले, नवीन जेल, पट्टे तिथंच. शेवटी लॅबमधल्या सीनियर ताईनं बघितलं आणि हसायला लागली, अरे ही पेशीची स्वतःची बायोटिनवाली प्रोटीनं, पायरुवेट कार्बोक्सिलेज आणि तिची भावंडं, ती प्रत्येक पेशीत असतातच. जन्मजात गुलाल लावून आलेली माणसं म्हण. तेव्हापासून मी तेच पट्टे लोडिंग कंट्रोलसारखे (प्रत्येक लेनमध्ये माल सारखा पडला का हे तपासायला) बघतो.

दुसरी फजिती जास्त महाग पडली. बायोटिन दिलं, १० मिनिटं झाली, पेशी बर्फावर घेतल्या, पीबीएसनं एकदा धुतल्या आणि लाइज केल्या. बायोटिन पकडणारे स्ट्रेप्टाव्हिडिनचे बीड्स लावले. ब्लॉटमध्ये बीड्सची लेन फिकट आणि फ्लो-थ्रूची (बीड्सना न चिकटता वाहून गेलेल्या द्रावणाची) लेन काळीकुट्ट, म्हणजे माल सगळा वाहून गेला. सरांनी एकच विचारलं, किती वेळा धुतलंस. उरलेलं सुटं बायोटिन आधी जाऊन बीड्सवर बसलं होतं, प्रोटीनला जागाच उरली नव्हती. थंड पीबीएसनं किमान पाच वेळा धू, आणि दरवेळी थेंब न थेंब काढून टाक. फ्लो-थ्रू कधीही फेकू नको, ब्लॉट बघेपर्यंत ठेव.

बीड्सवर आल्यावर मात्र बिनधास्त घासून धू, इथं को-आयपीसारखी भीती नाही. बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची पकड १०⁻¹⁴ मोलरच्या घरातली आहे, रिपा, १ मोलर पोटॅशियम क्लोराइड, सोडियम कार्बोनेट, २ मोलर युरिया, सगळं सोसतं. मग बीड्सवरच ट्रिप्सिननं प्रोटीनांचे तुकडे (पेप्टाइड) कर. ते तुकडे ओळखणाऱ्या मास स्पेकच्या यादीत स्ट्रेप्टाव्हिडिनचे तुकडे आणि केराटिन दिसणारच, केराटिन म्हणजे तुझीच कातडी आणि केस, ग्लोव्ह्ज घाल.

कोल्हापुरात काय होतं? पेशी वाढवणं, ट्रान्सफेक्शन, ब्लॉट, बीड्स, ट्रिप्सिन, हे सगळं साध्या सेल कल्चरच्या सोयीत बसतं. प्लास्मिड अ‍ॅडजीन या प्लास्मिड वाटणाऱ्या संस्थेकडं आहेत, सरांच्या नावानं मागव, एमटीएच्या (माल देण्याघेण्याच्या कराराच्या) सहीलाच वेळ जातो म्हणून आज सुरुवात कर. मास स्पेक बाहेर द्यावा लागेल, पुणे किंवा मुंबई, फॅसिलिटीत आधी फोन करून त्यांना पेप्टाइड कसे पाहिजेत ते विचार. माझा अनुभव असा की पेप्टाइड डिसॉल्ट करून वाळवून नेलेले बरे, वाळलेली ट्यूब आइस पॅकच्या डब्यात घालून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं स्वतः नेली की जीवाला घोर नाही. कुरियरवर मी विश्वास टाकून एकदा पस्तावलोय. प्रत्येक कंडिशनचे तीन बायोलॉजिकल रेप्लिकेट ने, एकाच लायसेटचे तीन भाग करून तीन म्हणू नको.

डेटा आल्यावर सेंटएक्स्प्रेस या प्रोग्रॅमनं कंट्रोलशी तुलना करून स्कोअर काढ, क्रॅपोम या डेटाबेसमध्ये टाकून नेहमीचे चिकटे (कुठल्याही प्रयोगात येणारी प्रोटीनं) ओळख. आणि मग सगळे जी चूक करतात ती: यादी स्ट्रिंग या इंटरॅक्शनच्या डेटाबेसमध्ये टाकतात, सायटोस्केप या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये सुंदर जाळं येतं, थिसिसमध्ये पानभर चित्र. अरे, त्यातल्या बहुतेक रेघा तुझ्या नाहीत! त्या दुसऱ्यांच्या प्रयोगांतून, एकत्र एक्स्प्रेस होण्यावरून, अगदी पेपरांत दोन नावं जवळजवळ आली म्हणूनही काढलेल्या असतात. तुझ्या प्रयोगानं निघते ती चांदणी, मध्ये बेट आणि बाहेर जाणाऱ्या रेघा, शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधली एकही रेघ तू मोजलेली नाहीस. खरा नकाशा पाहिजे तर बेट अनेक पाहिजेत. २०२१ चा ह्यूमन सेल मॅप बघ, १९२ बेट वापरून एचईके२९३ पेशीतल्या ४ हजार १४५ प्रोटीनांच्या जागा काढल्या, कुठली प्रोटीनं कुठल्या कुठल्या बेटकडून एकसारखी रंगतात ते जुळवून. एम.एस्सी.च्या वर्षात ते होत नाही आणि कुणी मागतही नाही.

तुला काय जमेल तर एक बेट, एक चांगला कंट्रोल, वरच्या यादीतले दोन-तीन शेजारी, आणि त्यांच्यासाठी वेगळा पुरावा. प्रॉक्सिमिटी लायगेशन चाचणी (दोन प्रोटीनं जवळ असली तरच मायक्रोस्कोपखाली ठिपका दिसतो) केलीस तर उत्तम, किंवा त्या शेजाऱ्याला नॉकडाउन करून (त्याचं प्रमाण कमी करून) तुझ्या प्रोटीनचं काय होतं ते बघ. अल्फाफोल्डमध्ये (प्रोटीनची रचना वर्तवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दोघांची जोडी घालून बघायला पैसे लागत नाहीत, पण तिथं चांगला स्कोअर आला म्हणून लगेच डायरेक्ट इंटरॅक्शन लिहू नको.

आणि मास स्पेकचे पैसे भरायच्या आधी ब्लॉटचा फोटो इथं टाक. साध्या पेशींची लेन, बायोटिन नसलेली लेन आणि फ्लो-थ्रू, तिन्ही दिसले पाहिजेत. क्रॉप करू नको.